सोमवारपर्यंत

शुक्रवारी टॉर्मडनं दोन्ही कॅमेरे
जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिले.
"एक ठेव, एक सोमवारी परत आण.
दोन्ही आणलेस तरी मी रडणार नाही."
स्टॉर्नोवेहून परतीच्या बसमध्ये ते माझ्या मांडीवर,
विकत घ्यायची की नाही ते न ठरलेल्या
दोन पिल्लांसारखे.

पहिल्याला रंग कळतात.
त्याच्या कणाकणावर लाल, हिरवी, निळी काच आहे.
तो सगळं बघतो, आणि मी सांगितलं की विसरतो.
तेही पुरतं नाही, हातचा राखून.
घरी खुर्चीत बसून मी आभाळ काळवंडवू शकतो,
गवतावर पहाट आणू शकतो.

दुसऱ्याला रंग ठाऊकच नाहीत.
काचा काढून टाकलेल्या. उजेड येतो तो थेट आत,
बूट न काढता.
किंमत पहिल्याच्या अडीचपट.
फेरीबोटीच्या इंजिनखोलीत जन्म घालवलेल्या माणसानं
कमी जाणणाऱ्या यंत्राला जास्त पैसे का मोजावेत,
हे मी स्वतःला बसमध्ये तीनदा विचारलं.

शनिवारी ऑयरिकच्या शेडमध्ये गेलो.
मागावर हिरवा ताणा आणि तांबूस बाणा.
तो तांबूस तिनं खडकांवरून खरवडलेल्या
दगडफुलाचा, लोखंडी हंड्यात उकळलेला.
माशाच्या काट्यांची नक्षी.
रंग न कळणाऱ्यानं फोटो काढला.
पडद्यावर एकच करडा. सपाट. इस्पितळातलं ब्लँकेट.
चष्मा कपाळावर सारून ती म्हणाली,
"माझे काटे कुठे गेले?"
हिरव्याचा आणि तांबड्याचा उजेड सारखाच भरला होता,
जन्मभर भांडलेल्या दोन भावांचं वजन
एकच निघावं तसा.

मग पहिल्यानं काढला.
कॉम्प्युटरवर मी तांबूस उजळला, हिरवा बुडवला,
काटा न् काटा उठून आला.
ती बराच वेळ बघत राहिली.
"छान आहे. पण हे तू विणलंस."

आणि एप्रनच्या खिशातून टॉफी काढून, ती तोंडात टाकून,
तिचा लाल कागद तिनं दुसऱ्याच्या लेन्ससमोर धरला.
"आता घे."
काटे परत आले. थोडे चिकट.

रविवारी आमच्या बेटावर माग बंद, दुकानं बंद,
दोरीवरचे कपडेसुद्धा शनिवारीच उतरवलेले.
कॅमेरे कपाटावर, माझ्या टोपीखाली.
चर्चमधून येताना मी नुसत्या डोळ्यांनी फोटो घेतले,
त्याला मनाई नसावी.
पीटची रास काळी, ती काळीच राहील.
पण मेंढ्या? पाठीवर लाल शिक्का ती माझी,
निळा ती फिनलीची.
करड्यात कोण कोणाची?
फिनली हे ऐकून हसला नाही.

सोमवारी पहाटे अंथरुणाची दुसरी बाजू गार.
शेडमधून खट-खट, खट-खट.
रविवार संपला की तिला दम निघत नाही.
"दिवा तरी लाव."
"कशाला? हिरवं सूत हाताला खरखरीत लागतं."
ऑक्टोबरातले सात, खिडकीत उजेड
पाणी घातलेल्या ताकासारखा.
हिरवं कुठलं, तांबूस कुठलं,
तिचा निळा स्वेटर खरंच निळा आहे का,
मला काहीच सांगता येईना.
त्या वेळेला माझे डोळेही दुसऱ्यासारखेच,
फुकट मिळालेले.

मी तो उचलला. कागद लावला नाही.
फोटोत नक्षी नाही.
धोट्याची एक पुसट रेघ आहे,
आणि सूत चाचपणारी तिची तर्जनी,
नखाजवळच्या चिरेसकट.

"कुठला ठेवतोयस?"
माग न थांबवता तिनं विचारलं.
मी गुंडाळायला वर्तमानपत्र शोधत होतो.
बस दहाची.
निघताना कोटाचा खिसा तेवढा चाचपला,
टॉफीचा कागद आहे ना.