सव्वा घोडा

मोटर जळाली हे तू सांगायच्या आधीच कळलं, लिदिओ.
करपलेल्या वार्निशचा वास
तुझ्या ढकलगाडीच्या पुढे धावत दारातून आत आला.
ठेव तिथं. बाकावर नको,
त्यावर माझा तेरेरेचा पेला आहे.

तू म्हणतोस, व्होल्ट बघून घेतले होते.
तीनशे ऐंशी तिकडे, तीनशे ऐंशी इकडे.
बरोबर.
नुसती उंची बघून मीही एकदा लग्न केलं होतं.

ती चिंधी दे. रॉकेल कशाला, थुंकी पुरते.
हा बघ, पाटीच्या कोपऱ्यात,
तुझ्या मेहुण्याने विकण्याआधी निळा रंग फासला
त्याच्याखाली बुजलेला आकडा:
साठ.

पुलापलीकडे ब्राझीलमध्ये वीज
सेकंदाला साठदा ये-जा करते.
आपल्याकडे पन्नासदा.
नदी एकच, धरणही एकच.
बाप माझा इताइपूला काँक्रीट ओतायला होता, तो सांगायचा,
निम्मी जनित्रं त्यांच्या तालाची, निम्मी आपल्या,
एका भिंतीत शेजारी शेजारी,
एकाच पाण्यावर पोसलेली,
आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

तर इकडे येऊन ती हळू फिरली.
सहा फेऱ्यांच्या जागी पाच.
तू म्हणालास, आळशी आहे, होईल सवय.
वर पाला आणखी कोंबलास.
हळू चालणारा थंड राहतो, असं वाटतं ना?
आतलं लोखंड आधीच गळ्यापर्यंत भरलेलं,
त्यात तू ओतत राहिलास.
मागचा पंखाही हळू.
वारा कुठून येणार होता?

*

बुधवार.
जुनी तार छिन्नीने तोडून काढली.
वेढे मोजले, अठ्ठेचाळीस. पुन्हा मोजले.
अठ्ठावन्न भरते आहे.
खाच तेवढीच, म्हणून तार बारीक,
तार बारीक, म्हणून साडेसातची
ही आता सव्वासहाचीच राहील.

तोंड वाकडं करू नकोस.
तो सव्वा घोडा कधी तुझा नव्हताच,
तो पुलापलीकडेच चरत राहिला.
पैसे तेवढे तू त्याचेही दिलेस.

मोटरवरची पुली पाच इंची आहे, ती काढ,
सहाची बसव. चक्की पूर्वीसारखी फिरेल.
पण पाला मात्र बेतानं घाल.
पुली वेग देते, बळ देत नाही.
हे तुझ्या मेहुण्याला कळवू नकोस,
त्याच्याकडे अजून दोन पडल्यात.

*

शनिवारी जोडली.
फ्यूज बसवताना लिदिओने डोळे मिटले,
मी नाही मिटले, मी हात लावून उभी राहिले,
पाऊण तास, झाकणावर तळवा:
कोमट. मग ऊन.
मग ऊन तेवढंच, वर चढेना.

तो मान कलती करून ऐकत होता.
म्हणाला, आवाज खाली उतरलाय.
उतरणारच.
माझा फ्रिज काढतो तो हा सूर,
कोपऱ्यावरच्या बेकरीतली कणीक मळायची परात,
चर्चमधली ती फडफडणारी नळी,
एर्नांदारियासमध्ये रात्रभर हाच चालू असतो,
तुला ऐकू येत नाही एवढंच.

पाटी मी जुनी उलटी करून ठोकलीय.
मागच्या कोऱ्या बाजूला खिळ्याने कोरलंय:
पन्नास. सव्वासहा. सुनिल्दा.
अक्षर वाकडं आलंय, आकडे नाही.

राहिलेले पैसे पाल्यात दे.
जाडा दळ. तेरेरेला जाडाच लागतो.