सातवं पुट

वेंगुर्ल्यात, माझ्या खिडकीखाली,
फिलोमिन मावशीनं डाळ्यांवर सोलं पसरली आहेत.
आज चौथा दिवस.
काल होती तशीच दिसतात,
लाल उरली नाहीत, काळी झाली नाहीत.

आत, पडद्यावर, माझंही तसंच.
नऊ वर्षं मी यंत्राला मोडी शिकवतोय.
बंदरावरच्या जकातीच्या वह्या, बावीस,
वाळवीनं चाखून सोडलेल्या,
आणि लिहिणारा कारकून असा
की हात उचलणं त्याला पाप वाटत असावं.
शब्द कुठे संपतो ते त्यानं
वाचणाऱ्याच्या नशिबावर सोडलेलं.

सुरुवातीला आम्ही दोघं होतो.
शिरीष तेंडोलकर म्हणायचा, पावसाळ्याच्या आत उरकू.
कुठल्या पावसाळ्याच्या, ते बोलणं राहून गेलं.
तिसऱ्या वर्षी तो बंगळूरला गेला.
त्याच्या खुर्चीवर आता वह्या बसतात.

पाचव्या वर्षी मला राहवलं नाही.
रत्नागिरीच्या सभागृहात, पाहुण्यांसमोर,
यंत्रानं 'मिठाची गोणी' वाचली
'मठाची राणी'.
लोक हसले. मीही हसलो,
आणि परतीच्या एसटीत पार कुडाळपर्यंत
कानशिलं तापलेली होती.
घर तेव्हाही वैजूच्या पगारावर चालायचं.
तिनं भात वाढला, वर कढी वाढली,
'राणीसरकार नाही आल्या बरोबर?'
एवढंच म्हणाली.

मावशीला मी एकदा विचारलं,
पाचव्या पुटालाच उचलली तर?
आगळात कोपरापर्यंत हात घालून बसली होती.
"रंग गावतलो. चव गावाची नाय."
मग आठवं दिलं तर? नववं?
"तां पण नको. मीठ खावन बसता सोलाक."
आणि सातवं झालं हे कळतं कसं?
तिनं एक सोल चिमटीत वाकवलं,
कानाशी नेलं,
मला काही सांगितलं नाही.

तेव्हापासून मीही रात्री भिजवतो
आणि सकाळी वाळवतो.
दिवसाला दोनशे अक्षरं, डोळ्यांनी तपासून,
'ग'ची पोटं, 'र'च्या शेपट्या.
काल शिकलेलं यंत्र आज थोडं विसरतं,
ते पुन्हा भिजवायचं.
आवृत्तीच्या आकड्यात अजून शून्यच पुढे,
आणि पुण्याहून फोन येतो,
'झालंच असेल ना एव्हाना?'

ह्या सगळ्याला चिकाटी म्हणायला जीभ वळत नाही.
कित्येक दिवस नुसती भीती होती
पुन्हा उघड्यावर यायची.
कित्येक दिवस सवय.
मे सरत आला की मावशी आभाळाकडे बघते,
मी पासबुकाकडे.

आज दुपारी, अकरावी वही, पान चौतीस.
यंत्र अडखळलं, मागे गेलं,
शब्द तोडायचे तिथेच तोडले
आणि एक ओळ वाचली, जी मलाही
इतक्या वर्षांत लागली नव्हती:

'भिरंडसोल गोणी तीन. ओली, सबब माघारी.'

खुर्ची मागे सारून मी कितीतरी वेळ उभा.
कुणाच्या असतील त्या गोण्या?
कुणाचं लग्न, कुणाचं देणं तोंडावर आलं होतं
म्हणून उन्हातून दोन दिवस आधी उचलल्या?
आणि तो कारकून, हात न उचलणारा,
त्यानं गोणीत हात घातला होता तर.

खिडकीतून मावशीला ओळ वाचून दाखवली.
ती हसली नाही.
"बरोबर केल्यानी," म्हणाली.
"आता खाली ये. उन्हां कलली,
सोलां परतूक व्हयीत."

काम साठवलं.
शून्य होतं तिथेच ठेवलं,
आणि बाह्या वर करत जिना उतरलो.