मंगळवारचं अपडेट

मंगळवारी रात्री कधीतरी
मशीन आपणहून बंद झालं, आपणहून सुरू झालं.
मला कळलं बुधवारी, पावणेनऊला.
पंखा फिरत होता, कीबोर्ड कोमट होता,
आवाज नव्हता.

स्पीकर गेला म्हणावं, तर सुरू होतानाची टिंग वाजली होती.
म्हणजे घर शाबूत, आत बोलणारं कुणी नाही.
कंट्रोल, ऑल्ट, एन.
पुन्हा. पुन्हा.
पडद्यावर हात ठेवून पाहिला. गुळगुळीत.
काचेवर काय लिहिलंय ते काच सांगत नाही.

आणि साडेनऊला पाणी कंपनीच्या एकशे चौदा माणसांचा पगार
माझ्या हातून पुढे जायचा असतो.

भिंतीवर तीनदा ठोकलं.
ग्विलिम आला, सपाता फरफटत,
पत्र्याच्या कारखान्यातून निवृत्त, खिशात कायम पेपरमिंट.
"काय लिहिलंय?"
"निळी चौकट आहे."
"चौकटीत?"
"काहीतरी बिघडलंय, असं लिहिलंय."
"काय बिघडलंय?"
"ते नाही लिहिलेलं."

असं आहे होय.
मला इतकी वर्षं वाटायचं, डोळसांना सगळं सांगतात.

तो माउस धरतो झुरळ पकडल्यासारखा.
ओके दाबू म्हणतो.
थांब, आधी खालचं वाच.
खालचं फार बारीक आहे म्हणतो, आणि दाबतो.

जुनी आवृत्ती मी पेनड्राइव्हवर ठेवते, मेतकुटाच्या डब्यात.
नवी आली म्हणून जुनी टाकायची नसते
हे मी एका नोकरीच्या बदल्यात शिकले.
नऊ वाजून बावीस मिनिटांनी ती बोलली,
तिच्या नेहमीच्या वेगात,
गाळणीतून साबुदाणा सांडावा तशी.
ग्विलिम दचकला. "हिला दम लागत नाही?"
लागतो.
नव्या एक्सेलशी तिचं पटत नाही,
चाळीस ओळी वाचल्या की घुसमटते
आणि मधल्या कुणाचा तरी पगार गिळून थेट पुढच्या नावावर जाते.
म्हणून चाळीस ओळी, सेव्ह, बंद, सुरू.
चाळीस ओळी, सेव्ह.
पगार दहा पन्नासला गेला. साहेबांचा निरोप आला:
तुमच्याच मशीनला नेहमी कसं होतं?

नव्या आवृत्तीत ळ आला होता.
अकरा वर्षं मी पत्रं लिहीत होते त्यासाठी,
नम्र, मुद्देसूद, उदाहरणांसकट.
तीन आठवडे मी हळबे होते.
आज पुन्हा हलबे.

ग्विलिमला सांगितलं, एक अक्षर गेलं.
तो हसला नाही.
म्हणाला, तुझी ती बाई आपल्या गावाला लानेली म्हणते ना,
तो ल नव्हेच.
जीभ टाळूला टेकव, कडेने नुसती हवा सोड.
मी सोडली. मांजर फिसकारल्यासारखं काहीतरी झालं.
मग मी त्याला जीभ मागे वळवायला लावली.
"ळ," तो म्हणाला. म्हणजे म्हणाला जवळपास.
चहा निवला होता दोघांचा.

रात्री मिरजेहून बहिणीचा मेसेज,
तिच्याकडे उजाडत असणार.
आवाज वाचतो:
तुझा डोला लागला असेल.
वेल मिलाला की बोल.

दोनदा ऐकला.
मग एकटीच, दिवा लावायची गरज नसलेल्या खोलीत,
एकेक शब्द तोंडात घेऊन दुरुस्त केला.
डोळा.
वेळ.
मिळाला.

भिंतीपलीकडे ग्विलिम खोकतो.
बंद करताना मशीन विचारतं, नवी आवृत्ती तयार आहे, बसवू?
मी नाही दाबते. ते म्हणतं, ठीक आहे, मंगलवारी विचारीन.

उद्या गुरुवार.
त्याला ळ लागत नाही.