ञ ची नेमणूक

साहेबांनी फाइलवर लिहिलं: स्पॅनिश. कर्मचारी. जूनच्या आत.
आणि पेन खिशाला लावून निघून गेले.

जूनमध्ये पेरूहून अकरा मुली येणार आहेत आपल्या कॉलेजात.
पेरूवर मी एक विनोद केला, कनुभाई हसले नाहीत.
ते त्याला जामफळ म्हणतात.

तक्ता आखला.
फीची खिडकी चारला बंद, म्हणून सव्वाचार ते पाच.
वाघेलांचा गुडघा, म्हणून तळमजला, खोली सहा.
हिनाबेन सोमवारी नाहीत, वसतिगृहात गॅसवाला येतो.
चहा अठरा. मंजूर बारा.
उरलेले सहा मी 'संकीर्ण'मध्ये ढकलले.

शिकवणार निशिगंधा खर्डेकर, दांडिया बाजारातली,
दोन वर्षं लिमाला राहून आलेली.
मानधनाचं विचारलं तर म्हणाली, बघू.

नमुन्याचा तास घेतला तिनं.
तो आहे, ती आहे, ते नाही.
टेबल? ती.
घर?
घरसुद्धा ती.
मी टिपणीत लिहिलं: नपुंसकलिंग, पद रद्द.

मग फळ्यावर एक अक्षर काढलं, डोक्यावर छोटी लाट,
आणि म्हणाली, हा आपला ञ.

अंकलिपीत याच्या चौकोनात चित्र नसायचं.
च छ ज झ म्हणून झालं की आम्ही त्याला
नाकातल्या नाकात उरकायचो.
जन्मभर हजेरीपटावर, पगार चालू, काम शून्य.
असे एक गृहस्थ आमच्या ऑफिसातही आहेत, नाव लिहीत नाही.
आणि आज याला एकदम परदेशी नेमणूक!
माञाना.
म्हणजे उद्या.
म्हणजे सकाळही.

एकतीस वर्षं मी खिडकीतून सांगत आले, काले आवजो.
त्या 'काले'त गेलेला दिवस बसतो आणि येणाराही,
पोरं माझ्या तोंडाकडे बघून ठरवायची
खरंच यायचं की नाही.
या शब्दात निदान उजाडतं तरी.

एकतीस मेला मी निवृत्त होतेय.
मुली उतरतील तेव्हा खिडकीत दुसरं कुणी असेल.
यादीत अठरा नावं शाईनं,
एकोणिसावं मी पेन्सिलीनं लिहिलंय,
खोडायला सोपं.

त्या नावाचा चहा बजेटात नाही.
तो मी घरून थर्मासात आणेन.