भूमिका क्रमांक सात

लायब्ररीच्या तळघरात नऊ जण,
दोन हीटर, त्यातला एक बंद.
गावातले शिशाचे जुने पाइप नगरपालिकेने
‘बदलावेत’ म्हणायचं
की ‘बदललेच पाहिजेत’,
यावर पावणेदोन तास.

बाहेर सुपीरियर सरोवर काठाकाठाने गोठतंय.

इंगेबोर्ग, वय ब्याऐंशी,
एकेक शब्द चष्म्याखाली धरते,
तांदळातला खडा शोधावा तसा.
वर्लिन म्हणतो, तो ‘च’ काढा,
महापौर बिथरेल.

मग लोरेटा, जी कधीच बोलत नाही,
पर्समधून बाटली काढून टेबलावर ठेवते.
लेकीच्या नळाचं पाणी.
स्वच्छ दिसतं.
वर्लिनपुढे सरकवते.

तो झाकणाला हातही लावत नाही.

इतिवृत्तात मी लिहिलं: ‘च’ राहिला.
पुढचा विषय, फुटपाथवरचा बर्फ
कोणी उपसायचा.