बाहेरकाठा

जोमाकाकाच्या टाचेतली जखम मी रोज उघडते, धुते, झाकते.
अडीच महिने झाले. साखर दोनशे ऐंशी.
"सिस्टर, पांढऱ्या पेशी हायेत नं आंगान?
मंग निजल्यान का?"

निजल्या नाहीत, काका, तेच तर दुखणं.
सगळ्या जाग्या आहेत, हातात कोयते,
आणि घरी जा म्हणणारं कुणी नाही.

खांड पडली ती रात्र आठवते?
धरमतरच्या खाडीचं उधाण भाताच्या पोटात शिरलं.
घरटी एक माणूस धावला,
आधी काठाचा कुजका भाग तोडला,
भगदाड आणखी रुंद झालं.
बायका ओरडल्या, बांधताय की मोडताय?
ओहोटी लागली तरी पोरांची फावडी थांबेनात.
तुम्ही म्हणालात, बास. आता माती.

हे मी बोलत नाही. गॉज कापते.

पुस्तकात एका पेशीला महाभक्षी म्हटलंय.
नाव राक्षसिणीचं,
आणि ही बाई आईच्या पोटातच येऊन बसलेली,
कातडीखाली, जन्माची राखण.
कुठे सुईएवढं उसवलं
की त्यावर स्वतःचा पदर ओढते,
रक्तातल्या वाटसरूंना दिसू नये,
उगाच गलका नको.
आणि गलका झालाच,
तर लढून मेलेल्यांना एकेक करून गिळते.
गिळता गिळता तिचा सूर बदलतो.
तोडा म्हणणारी
विणा म्हणू लागते.
तुमच्या टाचेत तो सूर अजून बदललेला नाही.

चाळीस वर्षं तुम्ही रात्री बॅटरी घेऊन काठावर.
चिंबोरीच्या प्रत्येक बिळात हात,
मूठभर चिखल, मूठभर पेंढा.
गावाला कळलंच नाही की काही फुटत होतं.
पंचायतीच्या वहीत तुमच्या नावापुढे
काम: निरंक.

"उघाडीशी कोन जातंय का गं?"
जातात, म्हटलं.

संध्याकाळी सायकल तिवरांत टेकवून मीच गेले.
तिसऱ्या खांबाजवळ पाणी बारीक शिट्टी वाजवत होतं.
हात घातला कोपरापर्यंत.
आत जी कोण होती ती चावली.
चिखल दाबला. पेंढा नव्हता,
पिशवीतला कापूस कोंबला.

बोट दोन दिवस ठणकलं, मग विसरले.
कुणाला सांगण्यासारखं काही नव्हतं.