डोळे आले का?

यंत्र खडकीला, खिडकी माझ्याकडे.
मधे एका वेलांटीचा फरक
आणि कात्रजचा बोगदा.

शिंदेवाडीत, टायरच्या गोडाऊनवरच्या खोलीत
रात्री साडेअकराला मी टर्मिनल उघडते.
एसएसएच, मग आडवी रेघ, मग मोठा एक्स.
"तो एक्स विसरलीस तर आंधळी जोडणी मिळेल,"
उपळेकर सर सांगायचे, "अक्षरं येतील, चित्र नाही."

पहिल्यांदा जोडलं तेव्हा तिकडून विचारणा झाली:
हा माझा ठसा, आपली आधीची ओळख नाही,
तरी पुढं जायचं?
नुसता वाय चालत नाही, 'येस' अख्खं लिहावं लागतं.
निकाहात तीनदा विचारलं होतं.
इथं एकदाच, पण लेखी.

आधी डोळे मागवायचे, ही सरांची शिस्त.
एक चिमुकला प्रोग्राम, कामाचा काही नाही,
दोन पांढरे डोळे, काळी बुबुळं,
माऊसचा बाण जाईल तिकडं वळणारी.
ते दिसले की समजायचं, वाट सुरू आहे.
स्पीकरवरून सर ओरडायचे, "तांबोळी, डोळे आले का?"
"आले सर, दोन्ही आले!"
एकदा घरमालकीण गुलाबपाणी घेऊन जिना चढून आली.

मग नकाशा.
बाराशे विहिरी, मे महिन्यातली पातळी.
खडकीच्या त्या खोलीत पडदा नाही, माणूस नाही,
पंखा घरघरतो, हिरवा दिवा मिचकावतो,
आणि इथं माझ्या मांडीवर
पुरंदरच्या कडेनं निळी रेघ उमटते.

खरं तर रेघ येत नाही.
रेघ काढ, असा निरोप येतो, कुलूपबंद:
इथून तिथवर, जाडी दोन, रंग निळा.
"उलटं असतं यात," सर म्हणायचे,
"सर्व्हर तू बसलीस तिथं. खडकी पाहुणी.
पाहुणीनं सांगायचं, यजमानानं रांगोळी काढायची."

मेनूवर क्लिक करावं, उठावं,
दुधाखालचा गॅस बंद करावा, कप विसळावा,
परत यावं तर मेनू
तलाठ्याच्या दारासारखा नुकता किलकिला होत असतो.

गुरुवार मात्र मी विसरले.
दहाला आमच्याकडची वीज गेली,
राउटर विझला, खिडकी मिटली.
खडकीत वीज होती, यंत्र धडधाकट होतं,
पण दाखवायला कुणी उरलं नाही
म्हणून नकाशानं तिथल्या तिथं जीव सोडला.
नऊशे अकरा विहिरी झाल्या होत्या.

सर रागावले नाहीत. म्हणाले,
"खिडकीला जीव टांगू नये गं.
सेशन तिकडंच जगू दे, आपण फक्त जावं, यावं."
तसं केलं. चार रात्रींत बाराशे.

सर आता नांदेड सिटीत, मुलीकडं.
काचबिंदूनं नजरेच्या कडा खाल्ल्या,
मधे परडीएवढं उरलंय.
रविवारी लॅपटॉप घेऊन गेले, फोनच्या नेटवर जोडलं,
आणि डोळे पडदाभर मोठे केले.
सरांनी चेहरा इतका जवळ नेला
की काचेवर वाफ धरली.
माऊस हलवला. बुबुळं वळली.
डावीकडं. उजवीकडं. पुन्हा डावीकडं.
मी विचारलं नाही.
तेच म्हणाले, "आले."

मग नकाशा उघडायला सांगितला.
"भोरच्या वर बघ. तिथं एक कोरडी असणार.
मी स्वतः दोर सोडला होता."
मी मोठं करायला क्लिक केलं.
काही हललं नाही.
खाली सोसायटीत कुणी गाडी धूत होतं.
मुलगी चहा ठेवत म्हणाली, "अडकलं वाटतं?"
"नाही," सर म्हणाले, पडद्यापासून न हलता,
"निरोप निघालाय."